संमिश्र रचनांचे कंपन-नियंत्रण : स्मार्ट पदार्थांचा उपयोग

कार्बनचे किंवा काचेचे तंतू इपॉक्सी राळेत भिजवून, थरावर थर रचून केलेल्या संमिश्र भागांची थरथर त्याच भागांना चिकटवलेल्या किंवा थरांत पुरलेल्या पदार्थांकरवी कमी करण्याचे तंत्र. ताण पडला की वीज निर्माण करणारे, वीज दिली की लांबणारे-आखडणारे किंवा तापवले की मूळ आकाराकडे परतणारे असे हे पदार्थ असतात. त्यांना स्मार्ट पदार्थ म्हणतात.

संमिश्रांचे मोठेपण हलकेपणात आहे आणि अडचणही तिथूनच सुरू होते. बोइंग ७८७ च्या सांगाड्याचे वजनाने सुमारे निम्मे साहित्य संमिश्र आहे. तेजसच्या सांगाड्यात ते सुमारे ४५ टक्के. धातूच्या विमानात हजारो रिव्हेटांचे सांधे असतात आणि त्यांतल्या घर्षणात कंपनाची बरीच ऊर्जा जिरते. संमिश्राचा मोठा भाग साच्यातून एकसंध निघतो, सांधे कमी होतात, म्हणून ही आयती मदतही घटते. तंतूंच्या दिशेने कार्बन-इपॉक्सीचे स्वतःचे अवमंदन, म्हणजे कंप आपोआप शमवण्याची क्षमता, फार थोडे. जे असते ते मुख्यतः राळेचे. बाहेरचा धक्का भागाच्या नैसर्गिक वारंवारतेशी जुळला, म्हणजे रेझोनन्स झाला, की कंप वाढत जातो, राळेत बारीक भेगा पडतात आणि थर एकमेकांपासून सुटू लागतात. सुटलेला थर वरून दिसत नाही, म्हणून हा दोष विशेष घातक.

या कामात सर्वाधिक वापरले जातात ते दाबविद्युत पदार्थ. झाक आणि पिएर क्युरी या भावांनी १८८० मध्ये स्फटिकांवर दाब देऊन वीज मिळवली. विजेने उलट आकार बदलला पाहिजे, हे गाब्रिएल लिपमन यांनी १८८१ मध्ये गणिताने दाखवले आणि क्युरी बंधूंनी त्याच वर्षी पडताळले. आज प्रचलित असलेले पीझेडटी, म्हणजे लेड झिर्कोनेट टिटॅनेट हे सिरॅमिक, १९५० च्या दशकातले. त्याची हालचाल मात्र अगदी इवलीशी. पाव मिलिमीटर जाड आणि ५० मिलिमीटर लांब पट्टीला १०० व्होल्ट दिले, तर नेहमीच्या प्रतीची पट्टी मोकळी असताना साधारण साडेतीन मायक्रॉन लांबते किंवा आखडते, म्हणजे केसाच्या जाडीचा जेमतेम विसावा भाग. तरीही काम होते, कारण हिसका मोठा लागत नाही, वेळ साधावी लागते. हलता झोपाळा थांबवताना आपण एकदम अडवत नाही. तो येईल तेव्हा दर खेपेला थोडा विरोध करतो. पट्टीही तेच करते, सेकंदाला वीस-पन्नास वेळा.

पट्टी कुठे लावायची, हा पुढचा आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. एका टोकाला पक्की धरलेली कार्बन-इपॉक्सीची फळी घ्या. पहिल्या प्रकारच्या, म्हणजे सर्वांत कमी वारंवारतेच्या कंपनात सर्वांत जास्त वाक धरलेल्या टोकाशी असतो. पट्टी तिथे लावली की तिचा जोर पूर्ण लागतो. त्याहून वरच्या वारंवारतेच्या दुसऱ्या प्रकारात मात्र धरलेल्या टोकापासून लांबीच्या सुमारे २२ टक्क्यांवर वाक शून्य होतो. पट्टीचा मध्य नेमका तिथे आला तर फळी डोळ्यांदेखत थरथरत राहते आणि पट्टीला ते जाणवतही नाही. चिकटवण्यालाही तितकेच महत्त्व आहे. चिकटवणीचा थर जाड राहिला, तर पट्टीचा जोर त्या मऊ थरातच वाया जातो. शिवाय कार्बन तंतू वीजवाहक असल्याने पट्टीचा खालचा इलेक्ट्रोड त्यांना टेकू नये म्हणून मध्ये काचतंतूचा किंवा पॉलिइमाइड या प्लॅस्टिकचा पातळ थर घालावा लागतो.

सक्रिय पद्धतीत एक पट्टी कंप ओळखते, नियंत्रक त्यावरून विरुद्ध संकेत तयार करतो, ॲम्प्लिफायर तो वाढवतो आणि दुसरी पट्टी फळीला ढकलते. धोका उशिराचा. साखळीत अर्धा मिलिसेकंद गेला, तर २० हर्ट्झच्या कंपनाला त्याचे काहीच वाटत नाही. पण १,००० हर्ट्झच्या कंपनाचे तेवढ्यात अर्धे आवर्तन उलटते, आणि थांबवण्यासाठी दिलेला धक्का त्याला पोसू लागतो. हिशेबात न धरलेली उच्च वारंवारतेची कंपने अशी जागी होण्याला स्पिलओव्हर म्हणतात. संवेदक आणि चालक पट्ट्या एकाच जागी, समोरासमोर बसवल्या तर हा धोका बराच कमी होतो.

निष्क्रिय पद्धतीत नियंत्रक नसतो. पट्टीत निर्माण झालेली वीज रोधकात (रेझिस्टर) सोडून तिची उष्णता करतात. नेस्बिट हॅगूड आणि आंद्रेआस फॉन फ्लोटो यांनी १९९१ मध्ये याची शास्त्रीय मांडणी केली. सोबत प्रेरक (इंडक्टर, म्हणजे तारेचे वेटोळे) जोडून विजेचे मंडल कंपनाच्या वारंवारतेशी जुळवले तर परिणाम वाढतो. पण १०० नॅनोफॅराड विद्युत धारितेच्या पट्टीला २० हर्ट्झवर जुळवायला सुमारे ६३३ हेन्रीचा प्रेरक लागतो. इतके तारेचे वेटोळे विमानात कोण नेणार? म्हणून तो इलेक्ट्रॉनिक मंडलानेच साकारतात.

संशोधनाची पायाभरणी १९८० च्या दशकात झाली. टॉमस बेली आणि जेम्स हबर्ड यांनी १९८५ मध्ये पीव्हीडीएफ या दाबविद्युत प्लॅस्टिकचा पापुद्रा लावून तुळईचे कंप शमवले. १९८७ मध्ये एमआयटीतील एडवर्ड क्रॉली आणि हाव्हिएर दे लुईस यांनी काचतंतू आणि कार्बन संमिश्रांच्या थरांत सिरॅमिक पुरून दाखवले. पीव्हीडीएफ लवचिक खरे, पण उष्णतेला नाजूक. ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या भट्टीत, १२० ते १८० अंश सेल्सियसला भाग पक्का झाल्यावरच ते चिकटवावे लागते. पीझेडटी ती उष्णता सोसते, पण ठिसूळ असते. यावर नासाच्या लँगली केंद्राने सिरॅमिकचे बारीक तंतू पॉलिमरमध्ये बसवून वाकणारी पट्टी तयार केली.

तापवले की मूळ आकाराकडे परतणाऱ्या, निकेल-टिटॅनियमच्या निटिनॉल तारांचा ताण मोठा, पण त्या थंड व्हायला वेळ लागतो. म्हणून झटपट विरोधापेक्षा भागाचा कडकपणा आणि त्यामुळे वारंवारता बदलण्यास त्या बऱ्या. चुंबकक्षेत्रात घट्ट होणारे द्रव सँडविच तुळयांत भरतात, मात्र त्याने तुळयांचे वजन वाढते.

प्रत्यक्ष गरज कुठे पडली, याचे ठळक उदाहरण एफ/ए-१८ या लढाऊ विमानाचे. तीव्र कोनात चढताना पंखाच्या मुळापाशी तयार झालेले भोवरे फुटून त्याच्या दोन उभ्या शेपट्यांवर आदळतात आणि शेपट्या थकतात, म्हणजे पुन्हापुन्हा पडणाऱ्या ताणाने कमजोर होतात. नासाने १९९० च्या दशकात एक-षष्ठांश आकाराच्या प्रतिकृतीवर, पट्ट्या लावून, वातबोगद्यात हा कंप कमी करून दाखवला.

महाराष्ट्रात पुण्याच्या आयुध संशोधन व विकास संस्थेत (एआरडीई) पीझेडटीवर काम झाले आहे.

पट्टी पुरायची की वरून लावायची, यावर अजून एकमत नाही. पुरलेली पट्टी हवा-पाण्यापासून सुरक्षित राहते. पण तिच्या जागेपुरते थर कापावे लागतात, त्या कापाच्या कडेशी ताण साठतो आणि थर सुटण्याची सुरुवात तिथूनच होऊ शकते. वरची पट्टी तुटली तर खरवडून नवी लावता येते. आतली तुटली तर भागच बदलावा लागतो.