'विक्रांत' अणुशक्तीवर चालत नाही

'आयएनएस विक्रांत अणुभट्टीवर चालते', हे वाक्य सोलापुरात स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या टिपणांतून आणि व्हॉट्सअॅप संदेशांतून वर्षानुवर्षे फिरत आहे. ते चुकीचे आहे.

कोचीत बांधलेली आणि 2 सप्टेंबर 2022 रोजी नौदलात दाखल झालेली, सुमारे 45,000 टनांची ही विमानवाहू नौका चार गॅस टर्बाइनवर चालते, ज्यांची एकत्रित शक्ती 88 मेगावॉट आहे. विमानाच्या जेट इंजिनापासून विकसित झालेल्या या टर्बाइनमध्ये द्रव इंधन जळते आणि त्या तप्त वायूने फिरणारी पाती गिअरबॉक्सद्वारे पंख्यांचे दांडे फिरवतात. 'विक्रमादित्य' या नौदलाच्या दुसऱ्या विमानवाहू नौकेची रीत जुनी, बॉयलरमधल्या वाफेची. आपल्या फताटेवाडीच्या एनटीपीसी प्रकल्पात कोळशावर जी वाफ जनित्र फिरवते, तीच तिथे तेलावर तयार होऊन जहाज पुढे ढकलते. अणुभट्टीही शेवटी पाणीच तापवते, हे इथे आवर्जून सांगायला हवे.

गोंधळाचे मूळ बहुधा 'अरिहंत'मध्ये आहे. ती खरोखर अणुशक्तीवर चालते, पण ती पाणबुडी आहे, आणि हवेशिवाय मिळणारी ऊर्जा ही तिची निकडीची गरज आहे. अणुशक्तीवरील विमानवाहू नौका आज केवळ अमेरिका आणि फ्रान्सच्या नौदलांत कार्यरत आहेत, आणि त्यांनाही विमानांचे इंधन, दारूगोळा व शिधा समुद्रात वेळोवेळी भरून घ्यावाच लागतो.