संत एलिझाबेथची लेक आणि हेसेनचा वारसा

फ्रँकफर्टच्या विमानतळावर उतरणारा माणूस जर्मनीच्या हेसेन राज्यात पाऊल ठेवतो. या राज्याच्या चिन्हावर निळ्या ढालीत लाल-रुपेरी पट्ट्यांचा सिंह आहे. शेजारच्या थुरिंजियाच्या चिन्हावरही जवळपास तोच सिंह दिसतो. एकाच घराण्याची ही निशाणी दोन राज्यांकडे गेली ती तेराव्या शतकातल्या भाऊबंदकीमुळे. त्या भांडणात एक बाजू पंधरा-सोळा वर्षं लावून धरली ती ब्राबांटच्या, म्हणजे आजच्या बेल्जियम-नेदरलँड्समधल्या एका संस्थानाच्या, विधवा डचेसने, सोफीने.

सोफी १२२४ सालची. वडील लुडविग चौथा, थुरिंजियाचा लँडग्राफ, म्हणजे सम्राटाच्या हाताखालचा मोठा संस्थानिक. आई हंगेरीची राजकन्या एलिझाबेथ. १२२७ मध्ये लुडविग धर्मयुद्धाला निघाला आणि इटलीत ओट्रांटोला आजारी पडून वारला. विसाव्या वर्षी विधवा झालेल्या एलिझाबेथने वार्टबुर्गचा किल्ला सोडला, मारबुर्गला रुग्णालय काढलं आणि स्वतः रोग्यांचं करू लागली. मायेचे पाश तोडायचे म्हणून तिने मुलांनाही दूर केलं. आता माझी मुलं मला शेजाऱ्याच्या मुलांसारखीच, अशा अर्थाचं ती बोलायची, असं तिच्या सोबतिणींनी पुढे साक्षीत सांगितलं आहे. १२३१ मध्ये, चोविसाव्या वर्षी ती गेली. चारच वर्षांत पोपने तिला संतपद दिलं आणि १२३६ मध्ये तिच्या अस्थी समारंभाने हलवल्या गेल्या तेव्हा खुद्द पवित्र रोमन सम्राट फ्रेडरिक दुसरा मारबुर्गला हजर होता. जगाने आईचा असा उदोउदो केला, पण सोफीच्या वाट्याला ती फारशी आलीच नव्हती. पुढे तिचाच आधार या लेकीला सगळ्यात जास्त झाला.

१२४१च्या सुमारास सोफीचं लग्न ब्राबांटचा ड्यूक हेन्री दुसरा याच्याशी झालं. तो बिजवर होता आणि पहिल्या बायकोची मुलं होती, त्यामुळे डची, म्हणजे ड्यूकचं राज्य, त्यांच्याकडे जाणार हे ठरलेलं. सोफीचा मुलगा हाइनरिख १२४४ मध्ये जन्मला तो अशा घरात, जिथे त्याच्यासाठी गादी शिल्लक नव्हती.

इकडे माहेरी घर रिकामं होत गेलं. भाऊ हर्मान १२४१ मध्ये वारला, धाकटी बहीण गेर्ट्रूड आल्टेनबर्गच्या मठात. चुलता हाइनरिख रास्पे थुरिंजिया आणि हेसेन हा घराण्याचा सगळा मुलूख सांभाळत होता; १२४६ मध्ये तर तो सम्राटाविरुद्ध जर्मनीचा राजा म्हणून निवडूनही आला. पण १२४७च्या फेब्रुवारीत तो निपुत्रिक मेला आणि घराण्याची पुरुषशाखा संपली. वर्षभरात सोफीचा नवराही गेला.

आता दावेदार तीन. माइसेनचा मार्कग्राफ (सरहद्दीवरचा संस्थानिक) हाइनरिख हा सोफीचा आतेभाऊ, तिच्या वडिलांच्या सावत्र बहिणीचा मुलगा. त्याने १२४३ मध्येच सम्राटाकडून पुढच्या वारशाचा शब्द मिळवून ठेवला होता. माइन्झच्या आर्चबिशपला हेसेनमधल्या आपल्या जहागिऱ्या परत हव्या होत्या. तिसरी सोफी, कडेवर तीन-चार वर्षांचं पोर. थुरिंजियाची लँडग्राफी सम्राटाने दिलेली, तिथे तिची बाजू लंगडी होती. हेसेनचं तसं नव्हतं. तिथली बरीच मिळकत घराण्याची स्वतःची होती, आणि तीही शंभराहून अधिक वर्षांपूर्वी हेडविग नावाच्या वारसदार मुलीच्या लग्नातून आलेली. बाईकडून आलेला मुलूख बाईकडे का जाऊ नये, हा मुद्दा खोडणं सोपं नव्हतं.

१२४८ मध्ये ती मुलाला घेऊन मारबुर्गला आली आणि त्याच्या नावाने कारभार हाती घेतला. लोक त्याला ‘दास किंड’, म्हणजे बाळ म्हणत; म्हातारपणीही हे नाव त्याला चिकटून राहिलं. सोफीच्या बिरुदांत मात्र एक गोष्ट ठळक दिसते: ती स्वतःला संत एलिझाबेथची मुलगी म्हणवते. ही नुसती भक्ती नव्हे, मला तरी हे पक्कं राजकारण वाटतं. मारबुर्ग म्हणजे आईच्या समाधीचं गाव, यात्रेकरूंनी भरलेलं. तिथे त्या संताच्या नातवाला परका कोण म्हणणार?

सुरुवातीला तिने सबुरीने घेतलं. १२५० मध्ये आतेभावालाच हेसेनचा सांभाळ सोपवला. पुढे बिनसलं आणि उघड युद्ध पेटलं. आयझेनाखच्या बंद वेशीवर तिने स्वतः कुऱ्हाड चालवली अशी दंतकथा आहे. खरी असो-नसो, लोकांना ती कशी आठवली ते यातून कळतं. लढाईची बाजू सांभाळली जावई, ब्राउनश्वाइगचा ड्यूक आल्ब्रेख्ट, याने. १२६३च्या सप्टेंबरात आर्चबिशपाशी तडजोड झाली, आणि पुढच्याच महिन्यात आल्ब्रेख्ट बेझेनश्टेटच्या लढाईत हरून कैद झाला. थुरिंजियाची आशा तिथे संपली. १२६४च्या तहात थुरिंजिया आतेभावाकडे गेलं, हेसेन सोफीच्या मुलाकडे राहिलं. आल्ब्रेख्टने सुटकेसाठी दिलेली वेरा नदीकाठची गावंही हेसेनला जोडली गेली, म्हणजे जावयाच्या पराभवातूनही सासूच्या पदरात काहीतरी पडलंच.

सोफी १२७५ मध्ये वारली. दफन ब्राबांटमधल्या व्हिलेर मठात, नवऱ्यापाशी झालं. तिच्या मुलाला, हाइनरिखला, १२९२ मध्ये जर्मन राजा आडोल्फने साम्राज्याचा राजपुत्र, म्हणजे थेट सम्राटाखालचा संस्थानिक, केलं आणि हेसेनची स्वतंत्र लँडग्राफी कायद्यानेही पक्की झाली. त्याचा वंश पुढे अनेक शाखांत फुटला. हेसेन-डार्मश्टाट शाखेतल्या राजपुत्र अलेक्झांडरने बरोबरीच्या घराण्याबाहेर लग्न केलं, म्हणून त्याच्या मुलांना बाटेनबर्ग हे नाव घ्यावं लागलं. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमध्ये जर्मन नाव अडचणीचं झालं, तेव्हा १९१७ मध्ये तिथल्या बाटेनबर्गांनी ते बदलून माउंटबॅटन केलं. भारताचे शेवटचे व्हाइसरॉय लॉर्ड माउंटबॅटन हे याच घरातले. त्यांचं आजोळही हेसेनचंच.