पार्श्वभूमी : फुलहॅम ते केडगाव, उपकारस्तुतीतून सेवा

सत्कर्मांनी तारण मिळत नाही, ते देवाच्या कृपेनं मिळतं, अशी प्रॉटेस्टंट मंडळ्यांची शिकवण आहे. मग सेवा करायची कशासाठी? जर्मनीत १५६३ साली तयार झालेल्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीनं, म्हणजे प्रश्न-उत्तरांतून ख्रिस्ती शिकवण सांगणाऱ्या पुस्तिकेनं, हाच प्रश्न विचारला आणि उत्तरही दिलं : देवाचे आभार मानण्यासाठी. त्या प्रश्नोत्तरीचा तिसरा भाग सगळाच कृतज्ञतेवर आहे. सेवा आधी आणि कृपा नंतर असा क्रम नाही. कृपा आधीच मिळालेली आहे, म्हणून सेवा.

महाराष्ट्रात ही शिकवण जगताना कुणी दिसत असेल, तर पंडिता रमाबाई.

पुण्य मिळावं म्हणून त्यांच्या डोंगरे कुटुंबानं तीर्थयात्रा केल्या, पुराणं सांगितली, दानधर्मात जवळचं सगळं संपवलं. १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यातल्या दुष्काळात रमाबाईंचे आईवडील, अनंतशास्त्री आणि लक्ष्मीबाई, दोघंही गेले. पाठोपाठ थोरली बहीणही. ती उपासमार रमाबाई कधी विसरल्या नाहीत.

१८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज गावातल्या भगिनींकडे, म्हणजे अँग्लिकन पंथाच्या जोगिणींकडे, राहिल्या. लंडनमधल्या फुलहॅमच्या आश्रमात त्यांनी पाहिलं, की समाजानं ‘पतित’ म्हणून टाकलेल्या बायकांची या भगिनी मायेनं काळजी घेत होत्या. असं काम त्यांनी आपल्या देशात पाहिलं नव्हतं. तुम्ही हे का करता, असं त्यांनी विचारलं. उत्तर म्हणून एका भगिनीनं त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची, येशूनं न झिडकारलेल्या बाईची, गोष्ट वाचून दाखवली. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला.

पण बाप्तिस्म्यानं सगळं उलगडलं नाही, आणि मला हे फार महत्त्वाचं वाटतं. आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, खुद्द ख्रिस्त सापडला नव्हता, असं त्यांनी १९०७ च्या आत्मकथनात स्पष्ट लिहिलं आहे. आपण जशा आहोत तशाच स्वीकारल्या गेलो आहोत, ही खात्री पटायला आणखी आठ वर्षं लागली. १८८९ साली मुंबईत सुरू केलेलं शारदा सदन हे प्रामुख्यानं उच्चवर्णीय विधवांसाठी होतं. त्या खात्रीनंतर मात्र दारं रुंदावत गेली.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. स्वतः भूक सोसलेल्या रमाबाई तिकडे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-बायकांना घेऊन आल्या. शारदा सदन तोवर पुण्यात आलं होतं, पण तिथे प्लेगचे निर्बंध होते, त्यामुळे त्यांची सोय पुण्याजवळच्या केडगावच्या शेतजमिनीवर करावी लागली. तेच पुढे मुक्ती सदन. १९०० च्या गुजरातमधल्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या जवळ गेली. इथे जात विचारून कुणाला परत पाठवलं नाही. ‘पतित’ म्हणून टाकलेल्या बायकांसाठी, फुलहॅमची आठवण सांगणारं कृपा सदन इथेच उभं राहिलं. अंध मुलींसाठी वेगळी व्यवस्था झाली आणि त्यांना ब्रेल शिकवलं गेलं.

एवढा संसार चालायचा कसा? शेती, विणकाम, स्वयंपाक, छापखाना, सगळं आश्रमातल्या बायकाच करत. काल उपाशी आलेली मुलगी सावरली, की आज आलेल्या लहानग्यांना न्हाऊ-माखू घाली, त्यांना अक्षरं शिकवी. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून मराठीत आणलेल्या बायबलचे छपाईचे खिळे याच बायकांनी जुळवले, पानंही त्यांनीच छापली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. मुक्ती मिशनचं काम केडगावात आजही चालू आहे.