उजवीकडचं दिसेना, म्हणजे उजवा डोळा गेला?

'पक्षाघातानंतर उजवीकडचं दिसत नसेल तर उजवा डोळा गेला, नंबर काढून घ्या', असा निरोप वर्षानुवर्षं फिरतोय. तसं वाटणं स्वाभाविक आहे, पण रचना वेगळी आहे.

प्रत्येक डोळ्यातून निघालेले साधारण निम्मे तंतू मेंदूच्या तळाशी पलीकडे जातात. त्यामुळे दोन्ही डोळ्यांना दिसणारी उजवी बाजू मेंदूच्या डाव्या अर्धात, डोक्याच्या मागच्या भागात पोचते. तिथला रक्तपुरवठा तुटला की दोन्ही डोळ्यांची उजवी बाजू जाते. डोळे मात्र धडधाकट असतात. बसवरच्या 'स्वारगेट' पाटीच्या मधोमध नजर ठेवली तर 'स्वार' एवढंच दिसतं. कुठलाही डोळा झाका, 'गेट' नाहीच.

घरी पडताळता येतं. रुग्णासमोर १ मीटरवर बसा. त्याचा एक डोळा तळहाताने झाका. त्याने तुमच्या नाकाकडेच बघायचं. चारही कोपऱ्यांत १, २ किंवा ५ बोटं दाखवून किती ते विचारा. मग दुसरा डोळा. हमखास चूक इथेच होते: नजर बोटांकडे वळते आणि सगळं ठीक वाटतं. उणीव एकाच डोळ्याला असेल तर दोष डोळ्यात किंवा त्याच्या नसेत. दोन्हींना एकाच बाजूची असेल तर बहुधा मेंदूत.

चष्म्याने ही बाजू परत येत नाही. नजर मुद्दाम उजवीकडे नेण्याचा सराव मात्र उपयोगी पडतो. तपासणी होईपर्यंत दुचाकी नकोच.

आणि हे अचानक सुरू झालं असेल तर घरच्या चाचणीतही वेळ घालवू नका. थेट सीटी स्कॅनची सोय असलेलं रुग्णालय गाठा; गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे पहिल्या ४.५ तासांतच देतात.