'सिरोस' आणि 'नाफ्क्रातुसा': एलएसटी कुठली, एलएसडी कुठली?

ग्रीक नौदलाने अमेरिकेकडून घेतलेल्या जुन्या उभयचर जहाजांबद्दल वाचताना या दोन नावांची हमखास गल्लत होते. 'सिरोस' म्हणजे मूळची अमेरिकन एलएसटी-325 (एलएसटी म्हणजे 'लँडिंग शिप, टँक', रणगाडे उतरवणारं जहाज), ग्रीसकडे 1964 साली आलेली. 'नाफ्क्रातुसा' म्हणजे 1945 च्या बांधणीची 'फोर्ट मँडन', 1971 साली आलेली एलएसडी ('लँडिंग शिप, डॉक', पोटात गोदी असलेलं जहाज). काम दोघींचं एकच, रणगाडे, गाड्या आणि सैनिक किनाऱ्यावर उतरवायचे. पण एलएसटी स्वतः पुळणीवर चढते आणि एलएसडी खोल पाण्यातच थांबते. बाकीचे सगळे फरक यातूनच निघतात.

एलएसटी 328 फूट लांब, 50 फूट रुंद. तळ जवळपास सपाट. समुद्रात भरून चालताना ती पुढे सुमारे 8 फूट आणि मागे 14 फूट पाण्यात बसते. किनाऱ्याला लागायच्या आधी बॅलास्ट टाक्यांतलं, म्हणजे जहाज जड करायला भरलेलं, पाणी उपसतात; मग सुमारे 500 टन माल घेऊन पुढे जेमतेम 4 फूट आणि मागे 10 फुटांच्या आत येते. म्हणजे तळाचा उतार साधारण 1:50 च्या पुळणीशी जुळतो. जहाज टेकलं की नाळेचे (जहाजाच्या पुढच्या टोकाचे) दोन्ही दरवाजे उघडतात, रॅम्प खाली येतो आणि गाड्या थेट वाळूवर.

खरं कौशल्य मागच्या नांगराचं आहे. किनारा अजून काही अंतरावर असतानाच तो पिछाडीकडून टाकायचा आणि केबल सोडत पुढे जायचं. परत निघताना विंचने तीच केबल ओढून जहाज मागे खेचतात. नांगर फार लवकर टाकला तर केबल संपते, उशिरा टाकला तर ओढायला धर मिळत नाही. केबल ढिली राहिली तर लाटा पिछाडी फिरवतात आणि जहाज किनाऱ्याला समांतर, आडवं पडतं. मग ते सोडवायला टग लागतो. ओहोटीची वेळ चुकली तर पुढच्या भरतीपर्यंत कोरड्यावर बसून राहायचं.

सर्वांत जास्त त्रास देतो तो सपाट किनारा. उतार 1:100 असेल तर आधी पिछाडी टेकते, आणि नाळेपाशी पाणी साधारण साडेसहा फूट खोल असतं. ट्रक रॅम्पवरून उतरला की सरळ बुडतो. बाहेर वाळूचा दांडा असेल तरीही हेच होतं: नाळ दांड्यावर अडकते आणि पलीकडे खोल पाणी. म्हणूनच 1943 मध्ये सिसिलीच्या मोहिमेत एलएसटीसोबत तरंगत्या पाँटूनचे (पोकळ पेट्यांचे) जोडपूल न्यावे लागले. एलएसटी-325 त्या मोहिमेत सिसिलीतल्या 'गेला' शहराच्या किनाऱ्यावर होती. पुढच्या वर्षी नॉर्मंडीच्या ओमाहा किनाऱ्यावरही गेली.

एलएसडीचं गणित उलटं. 457 फूट लांबीच्या जहाजात सुमारे 392 बाय 44 फुटांची गोदी. टाक्यांत पाणी भरून पिछाडी खाली बुडवतात, मागचं दार पाडतात, गोदीत पाणी शिरतं आणि आत आधीच भरून ठेवलेल्या होड्या तरंगून बाहेर पडतात. अशा अठरा एलसीएम (रणगाडे-गाड्या किनाऱ्याला नेणाऱ्या होड्या) मावतात. पुळणीचा उतार कसाही असो, जहाजाला फरक पडत नाही. मात्र पाणी भरायला आणि उपसायला वेळ जातो, आणि समुद्र खवळलेला असेल तर गोदीतलं पाणी हिंदकळून होड्या भिंतींवर आपटतात. होड्याच नसतील तर एलएसडी किनाऱ्यावर काहीही उतरवू शकत नाही. बेटाबेटांवर धक्के नसलेल्या देशाला म्हणूनच एकटी एलएसटी जास्त उपयोगी, असं माझं ठाम मत आहे. शांततेच्या काळात मात्र एलएसडीची गोदी कोरडी करून लहान जहाजं दुरुस्त करता येतात. हा फायदा छोटा नाही.

फोटोत ओळखणं सोपं आहे. ब्रिज (जहाज चालवायची उंच खोली) पिछाडीला, पुढे लांब सपाट डेक आणि नाळेवर दरवाज्यांची उभी रेघ म्हणजे एलएसटी. ब्रिज पुढे आणि त्यामागे लांबलचक गोदी म्हणजे एलएसडी.

दोघींचं पुढचं आयुष्यही यंत्रांमुळे वेगळं झालं असं म्हणायला जागा आहे. एलएसटीत जनरल मोटर्सची 567 मालिकेची दोन डिझेल इंजिनं. हीच मालिका अमेरिकन रेल्वे इंजिनांत होती, आणि 1962 पासून भारतात आलेल्या डब्ल्यूडीएम-4 इंजिनांतही. सुटे भाग मिळत आणि थोड्या माणसांत ती चालवता येत. एलएसडीला बॉयलर आणि वाफेची टर्बाइनं, म्हणजे खलाशांचा मोठा ताफा. 'सिरोस' निवृत्त झाल्यावर माजी नौसैनिकांनी ती क्रीटहून स्वतः चालवत नेली आणि 10 जानेवारी 2001 रोजी अमेरिकेतल्या मोबिल बंदरात पोहोचवली. आज ती इव्हान्सव्हिलला संग्रहालय आहे. तिथल्या यार्डात 167 एलएसटी बांधल्या गेल्या, पण ही त्यातली नव्हे; ही फिलाडेल्फियाची. 'नाफ्क्रातुसा' अमेरिकेला परत गेली आणि 2001 मध्येच सरावात लक्ष्य म्हणून बुडवली गेली.

आपल्याकडच्या बातम्यांतही हाच गोंधळ दिसतो. ब्रिटिशांकडून आलेली पहिली 'आयएनएस मगर' पुळणीवर चढणारी एलएसटी होती. 2007 मध्ये अमेरिकेकडून घेतलेली 'आयएनएस जलाश्व', मूळची 'ट्रेंटन', गोदीवाली आहे. ती एलपीडी ('लँडिंग प्लॅटफॉर्म, डॉक'), एलएसडीपेक्षा गोदी लहान, पण सैनिक आणि मालासाठी जागा जास्त.