कमी खपलेली आलिशान हायब्रिड गाडी घेण्याआधी
(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

जुनी आलिशान हायब्रिड (पेट्रोल इंजिन आणि बॅटरीवरची विद्युत मोटर दोन्ही असलेली गाडी) तपासायला आणणारे बरेच ग्राहक आम्हाला विचारतात, "गाडी एवढी देखणी, एवढी शांत, मग खपली का नाही? काहीतरी खोट असणारच." शंका रास्त आहे. पण कमी खप म्हणजे वाईट यंत्र, असं सरसकट धरू नका. कारण गाडीगणिक वेगळं असतं, आणि गाडी शोरूममध्ये ज्या कारणानं अडून राहिली, बहुधा तेच कारण पुढे मालकासमोर उभं राहतं. म्हणून सौदा ठरवण्याआधी ते शोधायला हवं.

आधी इंधनाचा हिशेब, कारण इथेच सर्वांत जास्त गैरसमज आहेत. समजा, मोठी पेट्रोल गाडी लिटरला ८ किलोमीटर जाते आणि तीच गाडी हायब्रिड रूपात १० किलोमीटर. वर्षाला १०,००० किलोमीटर फिरलात तर १,२५० ऐवजी १,००० लिटर लागलं, म्हणजे २५० लिटर वाचलं. लहान गाडीचं ॲव्हरेज १५ वरून २० वर गेलं, तर तेवढ्याच अंतरात साधारण १६७ लिटर वाचतं. म्हणजे लिटरमध्ये मोजलं तर मोठ्या गाडीची बचत जास्तच! तरीही ती ग्राहकाला ओढत नाही. आलिशान गाडीच्या मालकाचा मोठा खर्च इंधनाचा नसतोच. दरवर्षी उतरणारी किंमत, विमा आणि दुरुस्ती या तिघांपुढे इंधन किरकोळ ठरतं. हायब्रिडसाठी मोजलेली वाढीव रक्कम त्या २५० लिटरमधून वसूल होईपर्यंत पहिल्या मालकानं गाडी बदललेलीही असते.

याचं ठळक उदाहरण म्हणजे लेक्सस एलएस ६०० एच एल. २००७ साली आलेली ही गाडी अभियांत्रिकी म्हणून आम्हाला आजही थक्क करते. ५ लिटरचं व्ही८ इंजिन, त्याला विद्युत मोटरची जोड, एकत्रित ताकद ४३८ अश्वशक्ती आणि चारही चाकांना जोर. पण वजन सव्वादोन टनांहून अधिक. अमेरिकेच्या सरकारी चाचणीत तिला शहरात गॅलनला २० आणि महामार्गावर २२ मैल मिळाले, म्हणजे लिटरला साधारण साडेआठ आणि साडेनऊ किलोमीटर. मागच्या चाकांवर चालणारी पेट्रोल एलएस ४६० शहरात तिच्या मागे पडायची, पण महामार्गावर पुढे निघून जायची. शिवाय बॅटरी मागच्या सीटमागे बसवल्यामुळे डिकीही आक्रसली. विमानतळावर चार बॅगा घेऊन निघालेल्या मालकानं जास्त पैसे देऊन कमी जागा का घ्यावी? त्या काळी याचं पटण्याजोगं उत्तर नव्हतं.

तरी हायब्रिड आणि आलिशान यांचं मुळातच जमत नाही, असं नाही. त्याच कंपनीची आरएक्स ४०० एच २००५ मध्ये आली आणि चांगली चालली. शहरातली थांबत-थांबत चाल हाच तिचा रोजचा वापर होता, आणि हायब्रिडचा खरा फायदाही तिथेच मिळतो. ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा बॅटरीत परत येते. महामार्गावर एका वेगानं जाताना परत येण्यासारखं फारसं काही उरतच नाही.

काही गाड्यांना वजनाने नव्हे, तर किमतीने बुडवलं. कॅडिलॅक ईएलआर ही दोन दारांची कूपे २०१४चं मॉडेल म्हणून अमेरिकेत सुमारे ७५ हजार डॉलरला आली. आतली यंत्रणा मूळची शेव्हरोले व्होल्ट या गाडीची, आणि व्होल्ट तिच्या निम्म्याहून कमी किमतीत मिळत होती. तेवढ्याच पैशांच्या आसपास संपूर्ण विजेवर चालणारी टेस्ला मॉडेल एसही उभी होती. पुढे किंमत उतरवली, तरी २०१६ मध्ये उत्पादन थांबलं. आमच्या मते जुन्या बाजारात मात्र हिचा विचार करायला हरकत नाही. यंत्रणा व्होल्टसारखी असल्यानं ती समजणारे कारागीर सापडतात. अडचण होते ती दिवे, बंपर, काचा यांची, कारण ते फक्त ईएलआरचेच असतात आणि फार थोडे बनलेले असतात.

फिस्कर कर्माची गोष्ट वेगळी. गाडीचं रूप असं की रस्त्यावर माणसं थांबून बघत. पण तिला बॅटरी पुरवणाऱ्या ए१२३ सिस्टिम्सनं ऑक्टोबर २०१२ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. त्याच महिन्यात सँडी वादळाचं पाणी न्यूआर्कच्या बंदरात घुसलं आणि तिथे उभ्या असलेल्या तीनशेहून अधिक कर्मा नष्ट झाल्या. वर्षभरानं फिस्कर ही कंपनीही दिवाळखोरीत गेली. अशा गाडीच्या पाठीशी उभी राहणारी मूळ कंपनीच नसते. सुटे भाग कोण देणार, गाडीतलं सॉफ्टवेअर कोण वाचणार, याचं उत्तर हातात असल्याशिवाय ती घेऊ नका, हे आम्ही स्पष्टच सांगतो.

मुद्दामच थोड्या बनवलेल्या गाड्या हा वेगळा वर्ग. पोर्शे ९१८ स्पायडर नावाप्रमाणे ९१८ बनल्या, मॅकलॅरन पी१ विक्रीसाठी ३७५, तर पोलस्टार १ची मर्यादा १,५०० होती. तिथे कमी आकडा अपयश सांगत नाही.

एक गोष्ट जाहिरातीत कोणी नीट सांगत नाही. 'हायब्रिड' ही पाटी फार वेगवेगळ्या गाड्यांवर लागते. २००९च्या मर्सिडीज एस ४०० हायब्रिडमध्ये लिथियम-आयन बॅटरी होती, हे तेव्हा मोठंच पाऊल होतं. पण तिची मोटर जेमतेम १५ किलोवॉटची. नुसत्या विजेवर ती गाडी चालत नाही. ती चालेल, या अपेक्षेनं घेणाऱ्याची निराशा ठरलेली.

आमच्या तपासणीत आम्ही सर्वाधिक वेळ बॅटरीला देतो. आलिशान गाडी बरेचदा घरातली दुसरी किंवा तिसरी असते आणि महिनोन्‌महिने उभी राहते. हायब्रिड बॅटरीला हे उभं राहणं मानवत नाही. टोयोटा-लेक्ससच्या रचनेत इंजिन सुरू करण्याचं कामही मोठी बॅटरीच करते, त्यामुळे ती पूर्ण उतरली तर गाडी जागची हलत नाही. मात्र गाडी 'मेली' म्हणून आणली जाते तेव्हा दोष पुष्कळदा साध्या १२ व्होल्टच्या बॅटरीचा निघतो, आणि तो खर्च अगदीच मामुली असतो. म्हणून कोणी घाईनं "पॅक (म्हणजे मोठी बॅटरी) गेला" म्हटलं, तर आधी ही १२ व्होल्टची बॅटरी तपासून घ्या. अनेक गाड्यांत मागच्या सीटजवळ बॅटरी थंड ठेवणाऱ्या पंख्याची जाळी असते. तिथे धूळ, केस, धागे अडकले की बॅटरी तापते आणि तिचं आयुष्य घटतं. ही जाळी तुम्हीही हातानं साफ करू शकता. मोठ्या बॅटरीच्या नारिंगी वायरींना मात्र हात लावू नका. तो विद्युतदाब जीव घेणारा आहे.

तपासणीला येताना सर्व्हिसचे सगळे कागद आणि दोन्ही चाव्या आणा. विक्रेत्याला सांगा की गाडी रात्रभर बंद राहू दे आणि आमच्यासमोरच पहिल्यांदा सुरू कर. गरम गाडी बरेच आवाज लपवते.