मगोची मतं कुठे गेली? उत्तर गोवा मतदारसंघाची पार्श्वभूमी

1963 ते 1998 या पस्तीस वर्षांत पणजी लोकसभा मतदारसंघात दहा निवडणुका झाल्या आणि दहाही वेळा वेगळा माणूस दिल्लीला गेला. एकालाही दुसऱ्यांदा संधी मिळाली नाही. 1999 पासून आतापर्यंत सहा निवडणुका झाल्या आणि सहाही वेळा तोच उमेदवार जिंकला. मधल्या काळात मतदारसंघ पुनर्रचनेत पणजीचं नाव जाऊन 'उत्तर गोवा' आलं, 2009 ची निवडणूक नव्या नावाने झाली. खासदार श्रीपाद नाईकच राहिले. या जागेला आज भाजपचा बालेकिल्ला म्हणतात. पण आकडे मागे नेत गेलं की दिसतं, की भाजपच्या पदरात पडलेला हा मतदार मुळात मगोने, म्हणजे महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाने, उभा केलेला होता. तो हातून कसा गेला, हे पाहिल्याशिवाय आजचा निकाल उलगडत नाही.

मुक्तीनंतर सुरुवातीला गोव्याचे दोन खासदार नामनिर्देशित होते. पहिली खरी निवडणूक 9 डिसेंबर 1963 ची. पणजी आणि मुरगाव या दोन जागा साऱ्या संघप्रदेशाच्या होत्या, दमण आणि दीवचे मतदारही त्यांतच. पणजीतून निवडून आले पीटर आल्वारिस: समाजवादी, ख्रिस्ती, आणि गोव्याच्या महाराष्ट्रातल्या विलिनीकरणाचे उघड समर्थक. मगोच्या मतदाराने त्यांना डोक्यावर घेतलं. हिंदू विरुद्ध ख्रिस्ती एवढंच सूत्र लावून साठच्या दशकातला गोवा सांगणाऱ्यांनी हा निकाल जरूर आठवावा. मुरगावची जागाही मगोनेच जिंकली. काँग्रेसला विधानसभेत गोव्यातून एकही जागा मिळाली नाही.

गोवा महाराष्ट्रात जावा की संघप्रदेश राहावा, या जनमत कौलाबद्दल इथे फार लिहीत नाही, तो सर्वांना पाठ आहे. 16 जानेवारी 1967 ला फुलाला (विलिनीकरण) 1,38,170 आणि दोन पानांना (संघप्रदेश) 1,72,191 मतं पडली. आपल्या विषयापुरती महत्त्वाची गोष्ट त्यानंतरची. कौल हरलेला मगो दोनच महिन्यांनी विधानसभेत 16 जागा घेऊन परत आला, आणि लोकसभेच्या दोन जागा पहिल्यांदा दोन दिशांना गेल्या. मुरगाव विलिनीकरणाला विरोध करणाऱ्या युगोकडे (युनायटेड गोवन्स पक्ष) गेली, पणजी विलिनीकरणवाद्यांकडेच राहिली. उत्तर आणि दक्षिण वेगळं मत देतात हे आज गृहीत धरलं जातं, त्याची सुरुवात इथे आहे.

विलिनीकरणाचा प्रश्न मिटल्यावरही मगोचा मतदार हलला नाही, कारण त्याचं नातं नुसत्या त्या मागणीशी नव्हतंच. पेडणे, डिचोली, सत्तरीतल्या ज्या वाड्यांवर पोर्तुगीज काळात शाळेचा पत्ता नव्हता, तिथे साठच्या दशकात मराठी प्राथमिक शाळा उघडल्या. भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) पडवीत पायरीखाली उभा राहणारा कूळ आपल्या मुलाचं नाव हजेरीपटावर पाहू लागला. 1964 चा कूळ कायदा, भाटकाराच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्यांसाठीचा 1975 चा मुंडकार कायदा आणि कसणाऱ्याला जमिनीचा मालक करणारी त्यापाठोपाठची दुरुस्ती, हे सगळं मगोच्या राजवटीतलं. कायद्यांची अंमलबजावणी रखडली, अनेक दावे मामलेदार कचेरीत अजून पडून आहेत. तरी सिंहावर, म्हणजे मगोच्या चिन्हावर, शिक्का मारणं ही बहुजन घराघरांतली सवय झाली होती.

1971 ला इंदिरा लाटेत पुरुषोत्तम काकोडकर काँग्रेसतर्फे निवडून आले. 1977 ला मगो परतला. 1980 चा निकाल तर विलक्षण आहे. त्याच महिन्यात विधानसभेत मगोचा धुव्वा उडाला, सत्ता 1979 लाच गेली होती, आता जागा उरल्या सात. आणि पणजीने लोकसभेला मगोच्याच संयोगिता राणे यांना निवडलं. गोव्यातून लोकसभेवर निवडून गेलेल्या त्या पहिल्या आणि आजवरच्या एकमेव महिला. 1984 ची जागा काँग्रेसने घेतली. 1987 ला कोकणीला राजभाषा करणारा कायदा आला, 30 मे रोजी घटक राज्य झालं, दमण-दीव वेगळे झाले. मराठीला कायद्यात दुय्यम स्थान मिळाल्याची सल ताजी असताना 1989 ची निवडणूक आली आणि मराठीचे प्राध्यापक, ज्ञानेश्वरीचे अभ्यासक गोपाळराव मयेकर मगोचे खासदार झाले.

पुढच्या दहा वर्षांतच सारं घडलं, म्हणून तिथे थोडं थांबायला हवं. 1989 च्या विधानसभा निवडणुकीत मगो काँग्रेसच्या अगदी जवळ पोचला होता. सत्ता हाताशी आली, फुटीर काँग्रेसवाल्यांबरोबर सरकारही झालं. मग वर्षभरात मगोचाच एक मोठा नेता आमदार घेऊन बाहेर पडला आणि काँग्रेसच्या साथीने मुख्यमंत्री झाला. 1991 ला लोकसभेची जागाही काँग्रेसकडे गेली. गावातला कार्यकर्ता सिंहासाठी राबायचा आणि निवडून गेलेला आमदार काही महिन्यांत दुसऱ्या बाकावर दिसायचा. या फुटीने मगोचं झालेलं नुकसान कुठल्याही पराभवापेक्षा मोठं होतं.

अशा अवस्थेत 1994 च्या विधानसभेसाठी मगोने भाजपशी युती केली. गोव्याच्या राजकारणातला हा माझ्या मते सर्वांत वादग्रस्त निर्णय, आणि त्यावर जुने मगोवाले अजूनही तावातावाने भांडतात. युतीचं समर्थन करणारे म्हणतात, पर्याय काय होता? काँग्रेस आमदार फोडत होती, पैसा तिच्याकडे होता, विरोधी मतं विभागली तर मगो संपलाच असता. यात तथ्य आहे. आकडेही वरवर त्यांच्या बाजूने बोलतात: काँग्रेस 18, मगो 12, भाजप फक्त 4.

पण त्या चार जागा कोणत्या, ते पाहावं. पणजी, मडगाव, वाळपई आणि मडकई. पणजी आणि मडगाव ही शहरं, तिथला व्यापारी आणि नोकरदार वर्ग भाजपकडे कधीतरी वळलाच असता. वाळपई म्हणजे सत्तरी. आणि मडकई हा तर भाऊसाहेब बांदोडकरांचा मतदारसंघ. जिथून मगोचा पहिला मुख्यमंत्री विधानसभेत गेला, तिथे मगोच्या कार्यकर्त्याने 1994 मध्ये यादी हातात घेऊन घरोघर कमळासाठी मत मागितलं. म्हाताऱ्या मतदाराला 'या खेपेस सिंह नाही, कमळ' असं समजावणारा माणूस त्याच्या ओळखीचा, मगोचाच होता. परक्या पक्षाला एरवी पंधरा-वीस वर्षं लागली असती ते काम एका प्रचारात झालं. मडकईतून तेव्हा निवडून आलेले भाजपचे आमदार म्हणजे श्रीपाद नाईक.

युती फार टिकली नाही. 1996 ला पणजीची जागा मगोच्या रमाकांत खलप यांनी जिंकली, मुरगावची युगोडेपाने (युनायटेड गोवन्स डेमोक्रॅटिक पार्टी). दोन्ही राष्ट्रीय पक्ष गोव्यातून रिकाम्या हाती परतले. खलप संयुक्त आघाडीच्या सरकारात कायदा राज्यमंत्री झाले. महिलांना लोकसभेत आणि विधानसभांत एक तृतीयांश जागा राखीव ठेवण्याचं पहिलं विधेयक सप्टेंबर 1996 मध्ये लोकसभेत मांडलं ते त्यांनीच. गोव्याच्या खासदाराने संसदेत केलेलं एवढं मोठं काम आपल्याकडे फारसं कुणी आठवत नाही, याचं वाईट वाटतं. मात्र ज्या आघाडीचं अस्तित्वच भाजपला रोखण्यासाठी होतं तिच्यात मगोचा मंत्री, आणि दोनच वर्षांपूर्वी गावात त्याच भाजपसाठी मतं मागितलेली, हे गणित कार्यकर्त्याला कुणी समजावून सांगितलं नाही. 1998 ला जागा काँग्रेसकडे गेली. निवडून आले ते 1991 ला मगोतून फुटलेले तेच नेते.

1999 च्या जूनमध्ये विधानसभेत काँग्रेसला 21, भाजपला 10 आणि मगोला 4 जागा मिळाल्या. कारगिलनंतर, अवघ्या काही महिन्यांत, लोकसभेच्या दोन्ही जागा भाजपने घेतल्या. मगोने मडकई त्याच वर्षी परत मिळवली आणि आजवर राखली आहे. लोकसभेची जागा मात्र पुन्हा कधी मिळाली नाही.

तेव्हापासूनचा प्रवास वाटतो तितका सरळ नाही. 2009 ला राष्ट्रवादीचे पेडण्याचे उमेदवार अवघ्या सहा हजारांच्या आसपास मतांनी हरले. तेव्हा काँग्रेस आघाडीने जोर लावला असता तर 'बालेकिल्ला' हा शब्दच रूढ झाला नसता. 2014 ला फरक लाखावर गेला, 2019 ला 80 हजारांवर आला, 2024 ला पुन्हा 1 लाख 16 हजारांवर.

हद्दीचा एक गुंताही नोंदवायला हवा, कारण मगोचं उरलंसुरलं बळ फोंडा तालुक्यात आहे. फोंडा, शिरोडा आणि मडकई दक्षिण गोवा मतदारसंघात, एकटं प्रियोळ उत्तरेत. 2015 ला तालुका दक्षिण जिल्ह्यात गेला, त्यामुळे प्रियोळचा माणूस जिल्ह्याने दक्षिणेचा आणि मताने उत्तरेचा झाला. मगोचा बालेकिल्ला असा दोन खासदारांत वाटला गेल्याने लोकसभेला त्याचं वजन कुठेच पडत नाही.

2024 ला नाईकांसमोर काँग्रेसने उभे केले ते खलप. म्हणजे मगोचा शेवटचा खासदार हाताच्या चिन्हावर, आणि मगो पक्ष सत्तेतला भागीदार म्हणून कमळाच्या प्रचारात. 2019 प्रमाणेच मतदान यंत्रावर सिंह नव्हता. तिसऱ्या क्रमांकावर आला तो मूळ गोमंतकीयाची व्याख्या कायद्यात आणा म्हणणारा नवा प्रादेशिक पक्ष, आणि त्याला मिळालेली मतं चाळीस हजारांच्या वर होती. प्रादेशिक पक्षाला मत देणारा मतदार उत्तरेत अजून आहे, एवढं त्यावरून नक्की दिसतं. मगोच्या नेत्यांनी तो आकडा गांभीर्याने घ्यावा.